खरा वाटणारा ग्रह: गोटीपासून गोलापर्यंत

प्रश्न असा आहे: फोटोशॉप किंवा गिम्प वापरून ग्रह बनवतो, टेक्स्चर (पृष्ठभागाचं चित्र) चांगलं असतं, वातावरणाची निळी झळाळीही देतो, तरी शेवटी दिसते ती चकचकीत गोटीच. खरा ग्रह वाटावा यासाठी काय करायचं?

टेक्स्चर हे बहुतेक वेळा कारण नसतं. गडबड दोन गोष्टींत होते, मापात आणि उजेडात. ही दोन सुधारली की साध्या गंजक्या पत्र्याच्या फोटोपासूनही पटणारा ग्रह होतो. ही दोन चुकली तर उपग्रहाने टिपलेला नकाशा चिकटवूनही गोटीच राहते. म्हणून सुरुवात मापापासून करू.

पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर आहे. फाइलमध्ये ग्रहाचा व्यास २,५४८ पिक्सेल ठेवा, म्हणजे एक पिक्सेल बरोबर पाच किलोमीटरचा झाला. आता प्रत्येक निर्णयाला आधार मिळतो. एव्हरेस्ट ८.८५ किलोमीटर, म्हणजे दोन पिक्सेलसुद्धा नाही. त्यामुळे ग्रहाच्या कडेवर डोंगर उठून दिसणं शक्यच नाही. कड एकदम गुळगुळीत हवी. हजारेक किलोमीटरचं मोठं चक्रीवादळ २०० पिक्सेलचं. अंतराळाची सीमा म्हणून साधारणपणे मानली जाणारी १०० किलोमीटरची उंची फक्त २० पिक्सेल. तुमच्या चित्रात वातावरणाची झळाळी दीडशे-दोनशे पिक्सेल पसरली असेल, तर त्या ग्रहाची हवा हजार किलोमीटर वर गेली असा अर्थ होतो. पाहणाऱ्याला आकडे माहीत नसतात, पण डोळ्याला ते लगेच खटकतं आणि समोरची वस्तू लहान वाटायला लागते. गोटी दिसते ती इथेच.

फाइल ४,०९६ × ४,०९६ पिक्सेलची, १६ बिटची (रंगांच्या जास्त बारीक छटा साठवणारी) घ्या. ८ बिटमध्ये उजेडापासून अंधारापर्यंत जाताना पायऱ्या उमटतात आणि ग्रहाच्या काळ्या बाजूला त्या हमखास दिसतात. टेक्स्चर वेगळ्या फाइलमध्ये करा, तीही ४,०९६ ची. पृथ्वीचा अर्धा परीघ सुमारे २०,००० किलोमीटर आहे, आपल्या मापाने ४,००० पिक्सेल. म्हणून सपाट टेक्स्चरमध्ये ४,००० पिक्सेल व्यासाचं वर्तुळ निवडायचं, त्याला गोल आकार द्यायचा आणि मग २,५४८ वर आणायचं. गोल करताना मधला भाग जवळपास दीडपट ताणला जातो. नंतर लहान केल्यामुळे तो पुन्हा आपल्या मूळ मापावर येतो आणि मधोमध धूसरपणा राहत नाही. थेट २,५४८ च्या टेक्स्चरवर फिल्टर चालवला, की मधला भाग मऊ आणि कडा टोकदार, असं उलटंच चित्र होतं.

जमिनीसाठी फोटोशॉपमध्ये रेंडरखालचं क्लाउड्स एकदा आणि डिफरन्स क्लाउड्स चार-पाच वेळा चालवा. गिम्पमध्ये सॉलिड नॉइज घ्या, डिटेल जितकं वाढवता येईल तितकं. हा झाला उंचीचा नकाशा: पांढरं म्हणजे उंच, काळं म्हणजे खोल. पृथ्वीसारखा ग्रह हवा असेल तर सुमारे ७१ टक्के पाणी आणि २९ टक्के जमीन. फोटोशॉपच्या हिस्टोग्राम पॅनेलच्या मोठ्या दृश्यात कर्सर फिरवला की उजळपणाची पातळी (लेव्हल) आणि तिच्यापर्यंत किती टक्के पिक्सेल येतात ते पर्सेंटाइल दिसतं. ते ७१ होतं ती पातळी समुद्रसपाटी धरा. त्या पातळीचा आकडा थ्रेशोल्डला दिला, की जमीन आणि पाण्याचा स्वच्छ मास्क (लेअरचा कोणता भाग दिसावा हे ठरवणारं काळं-पांढरं चित्र) मिळतो. हा मास्क जपून ठेवा, पुढे तो दोनदा लागणार आहे.

रंग देताना बहुतेक जण ग्रेडियंट मॅप लावतात, म्हणजे प्रत्येक उंचीला एक ठरलेला रंग: खाली निळा, मग हिरवा, तपकिरी आणि वर पांढरा. त्यातून भूगोलाच्या पुस्तकातला उठावाचा नकाशा तयार होतो, ग्रह होत नाही. अवकाशातून दिसणारा जमिनीचा रंग उंचीपेक्षा हवामानाने जास्त ठरतो. विषुववृत्ताच्या आसपास गडद हिरवं, दोन्ही बाजूंना ३० अंशांच्या आगेमागे वाळवंटाचा पिवळट पट्टा, पुन्हा हिरवट, आणि ध्रुवाकडे बर्फ. सपाट टेक्स्चरवर मधल्या उभ्या रेषेत ३० अंश हे त्रिज्येच्या एक तृतीयांशावर येतात. त्या खुणा करून रंगाचे पट्टे मोठ्या, मऊ ब्रशने आणि वेड्यावाकड्या कडांनी रंगवा. ग्रेडियंट मॅप त्याखाली ३० ते ४० टक्के ओपॅसिटीने (अपारदर्शकतेने) राहू द्या.

रंगांचा भडकपणाही आवरा. समुद्र स्वतःवर पडलेल्या उजेडापैकी जेमतेम ६ टक्के परत पाठवतो. पडद्यावरच्या ० ते २५५ च्या मापात हे सुमारे ७० होतं. म्हणजे समुद्र गडद, जवळपास शाईसारखा हवा. दाट ढग निम्म्याहून जास्त उजेड परतवतात, ताजा बर्फ ८० टक्क्यांच्या घरात. या तफावतीमुळेच खऱ्या छायाचित्रात ढग झळकतात आणि समुद्र मागे राहतो. फिरोजी, चमचमता समुद्र रंगवला की ढगांना उठून दिसायला जागाच उरत नाही.

स्वतः टेक्स्चर बनवायचं नसेल तर नासाचे ब्लू मार्बल नकाशे मोफत मिळतात. बारा महिन्यांचे बारा संच आहेत आणि सर्वांत बारीक आवृत्तीत एक पिक्सेल ५०० मीटरचा आहे. हे नकाशे २:१ प्रमाणात असतात आणि त्यात ध्रुवाचा एकच बिंदू पूर्ण रुंदीभर ताणलेला असतो. गिम्पमधलं मॅप ऑब्जेक्ट असा नकाशा गोलावर नीट गुंडाळतं. फोटोशॉपचं स्फेराइझ हे गोल आकार देणारं फिल्टर मात्र केंद्रापासून बाहेर सर्व दिशांना सारखं वाकवतं. त्याला २:१ नकाशाचा अर्धा भाग दिला तर ध्रुवाकडचे देश फाकतात. फोटोशॉपमध्येच काम करायचं असेल तर विषुववृत्ताजवळचा तुकडा घ्या आणि ध्रुवाकडचा भाग क्लोन स्टॅम्पने स्वतः भरा.

आता गोल करणं. वर्तुळाकार सिलेक्शन, मग डिस्टॉर्टमधलं स्फेराइझ, १०० टक्के. ते दोनदा चालवावं की एकदा, यावर नेहमी वाद होतो. अंदाज करण्यापेक्षा मोजून बघा. टेक्स्चरच्या प्रतीवर केंद्रापासून त्रिज्येच्या दोन तृतीयांश अंतरावर एक ठिपका ठेवा आणि फिल्टर चालवा. तो ठिपका केंद्रापासून ६० अंशांवरचा आहे. खऱ्या गोलावर तो त्रिज्येच्या ८६.६ टक्के अंतरावर दिसायला हवा. आतच राहिला असेल तर दुसऱ्यांदा थोड्या टक्क्यांनी चालवा, बाहेर गेला असेल तर पहिल्याचीच टक्केवारी कमी करा. जमिनीला जो आकडा लागला तोच ढगांच्या लेअरला द्या, नाहीतर ढग आणि जमीन दोन वेगवेगळ्या गोलांवर बसल्यासारखे दिसतात.

यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे: उजेड. सर्रास वापरली जाणारी पद्धत अशी. ग्रहाच्याच आकाराचं काळं वर्तुळ घ्यायचं, ते एका बाजूला सरकवायचं आणि ब्लर करायचं. यातून जे दिसतं ते ग्रहण आहे, चंद्राची कला नव्हे. चंद्राची कोर आठवा. तिची दोन टोकं नेहमी एकाच व्यासाच्या दोन टोकांवर असतात, कोर कितीही बारीक असो. सरकवलेल्या वर्तुळाने ही टोकं व्यासावर राहत नाहीत. खग्रासापूर्वी पृथ्वीची सावली चंद्रावर चढते तसा आकार होतो. दिवस-रात्रीची सीमा गोलावर एक मोठं वर्तुळ असते आणि आपल्याला ती अर्ध्या लंबवर्तुळासारखी दिसते. त्या लंबवर्तुळाची उंची ग्रहाच्या व्यासाइतकीच, रुंदी तेवढी बदलते. प्रकाश बरोबर बाजूने असेल तर रुंदी शून्य, म्हणजे सीमा सरळ रेषा. प्रकाशाची दिशा आणि पाहणाऱ्याची दिशा यांत ६० अंशांचा कोन असेल तर लंबवर्तुळाची रुंदी व्यासाच्या निम्मी.

सरळ रेषेपासून, म्हणजे अर्धा उजळलेल्या ग्रहापासून सुरुवात करा, कारण तिथे छाया अचूक मिळते. बाजूने येणाऱ्या प्रकाशात गोलावरचा उजेड मधल्या रेषेपासून उजळ कडेपर्यंत समप्रमाणात वाढतो. पण पडद्यावरचे आकडे उजेडाच्या समप्रमाणात नसतात. निम्मा उजेड म्हणजे १२८ नव्हे, १८८. म्हणून काळा-पांढरा ग्रेडियंट नुसता ओढला तर ग्रह पावडर लावलेल्या चेंडूसारखा दिसतो. ग्रेडियंटला थांबे असे द्या: ० टक्क्यावर ०, १ टक्क्यावर २५, १० वर ८९, २५ वर १३७, ५० वर १८८ आणि १०० वर २५५. मधल्या उभ्या रेषेपासून उजळ कडेपर्यंत ओढा, दुसरी अर्धी बाजू काळी, आणि लेअर मल्टिप्लायवर (खालचं चित्र गडद करणारा मोड). उजेड सीमेपाशी झटकन चढतो आणि मग बराच भाग जवळपास सारखाच भरलेला राहतो. अवकाशातून काढलेल्या छायाचित्रांत नेमकं हेच दिसतं.

दुसरा कोन हवा असेल तर अर्धवर्तुळ आणि अर्धं लंबवर्तुळ जोडून मास्क करा, व्यासाच्या २ ते ३ टक्के गॉशियन ब्लर द्या आणि लेअर ग्रहाला क्लिप करा, म्हणजे तो ग्रहाच्या बाहेर दिसणार नाही. अचूकता थोडी कमी होते, पण टोकं जागेवर राहतात. गिम्पमध्ये मॅप ऑब्जेक्टला डायरेक्शनल लाइट द्या, अँबियंट शून्य करा आणि चकाकीचे आकडे खाली आणा. मूळ आकडे तसेच ठेवले तर प्लास्टिकच्या चेंडूवर पडते तशी पांढरी चमक येते.

पृष्ठभागाचा उठाव हाही उजेडाचाच भाग. उंचीच्या नकाशाची प्रत घेऊन एम्बॉस लावा, उंची २-३ पिक्सेल, कोन प्रकाशाच्या दिशेशी जुळता, आणि लेअर ओव्हरले किंवा सॉफ्ट लाइटवर. मग मास्क घालून हा उठाव दिवस-रात्रीच्या सीमेजवळ पूर्ण ठेवा आणि उजळ कडेकडे नेत विझवा. सूर्य डोक्यावर असताना सावल्या पडत नाहीत, सूर्य क्षितिजाला टेकला की लहान टेकडीचीही लांब सावली पडते. साऱ्या गोलावर सारखाच उठाव दिला की संत्र्याची साल दिसते. पाण्यावर उठाव नको. तिथे जमिनीचा मास्क वापरा.

ढग वेगळ्या लेअरवर ठेवा. पृथ्वीचा सुमारे दोन तृतीयांश भाग कोणत्याही क्षणी ढगांखाली असतो, म्हणून हात आखडू नका. खंड अर्धवट झाकले गेले तरी चालेल, उलट बरंच. क्लाउड्स फिल्टरचे ढग थेट वापरले तर धूर वाटतो. ते पूर्व-पश्चिम दिशेने ताणा, लेव्हल्सने कडा आवळा, आणि मधल्या अक्षांशांत दोन-तीन ठिकाणी ट्वर्लने भोवरे द्या. उत्तर गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या उलट फिरतं, दक्षिणेत घड्याळाच्या दिशेने, आणि विषुववृत्ताला अगदी लागून, साधारण ५ अंशांच्या आत, ते सहसा तयार होत नाही. ढगांच्या सावलीसाठी लेअरची काळी प्रत प्रकाशाच्या विरुद्ध दिशेला सरकवा, पण फक्त २ पिक्सेल. दहा किलोमीटर उंचीच्या ढगाची सावली सूर्य ४५ अंशांवर असताना दहाच किलोमीटर लांब पडते. सीमेजवळ, सूर्य १० अंशांवर असताना, ती ५७ किलोमीटर, म्हणजे ११ पिक्सेल होते. तिथल्यासाठी दुसरी प्रत जास्त सरकवून मास्कने जोडा. पंधरा-वीस पिक्सेलची ड्रॉप शॅडो सगळीकडे दिली की ढग कापसासारखे ग्रहावर तरंगतात.

वातावरणाचे दोन भाग करा आणि आउटर ग्लो वापरायचा मोह टाळा. तो अंधाऱ्या बाजूलाही तितकाच उजळतो आणि मग ग्रहाला स्वतःचा दिवा लावल्यासारखं होतं.

पहिला भाग आतला. कडेकडे बघताना नजर हवेच्या जास्त जाड थरातून जाते: ६० अंशांवर दुप्पट, ८० अंशांवर साडेपाचपटीहून जास्त. म्हणून धुकट निळेपणा मधोमध जेमतेम असतो आणि शेवटच्या पट्ट्यात एकदम वाढतो. फिकट निळ्याचा रेडियल ग्रेडियंट घ्या, लाल १२०, हिरवा १७०, निळा २५५. ओपॅसिटी केंद्रात ५ टक्के, त्रिज्येच्या ८७ टक्क्यांवर १२, ९८ वर ३५ आणि कडेवर ७०. लेअर स्क्रीन मोडमध्ये (खालचं चित्र उजळवणारा मोड). हे आकडे सुरुवातीचे आहेत, ग्रहाची हवा विरळ असेल तर सगळे निम्मे करा.

दुसरा भाग बाहेरचा, कडेच्या पलीकडची बारीक निळी रेघ. हवेची घनता दर साडेआठ किलोमीटरला जवळपास एक तृतीयांशावर येते, आपल्या मापाने पावणेदोन पिक्सेल. ग्रहाच्या मागे त्याच्यापेक्षा ४-५ पिक्सेलने मोठ्या त्रिज्येचं निळं वर्तुळ ठेवा आणि ३-४ पिक्सेल ब्लर द्या. बारा-पंधरा पिक्सेलच्या पलीकडे काही दिसता कामा नये. बारीक रेघ बघून हे अपुरं वाटतं, पण ग्रह अवाढव्य वाटतो तो या रेघेमुळेच.

दोन्ही भागांना छायेचाच मास्क लावा, फक्त बाहेरच्या रेघेचा मास्क अंधारात थोडा पुढे न्या. जमिनीवर सूर्य मावळला तरी ६० किलोमीटर उंचीवरच्या हवेला तो आणखी सुमारे ८ अंश दिसत राहतो. अर्ध्या उजळ ग्रहावर ही रेघ सीमेपलीकडे साधारण १७५ पिक्सेल जाऊन विझते. सीमेच्या उजळ बाजूला शंभर-सव्वाशे पिक्सेलच्या पट्ट्यात नारिंगी तांबूस छटा १५ टक्के ओपॅसिटीने द्या. लांबचा प्रवास करून आलेल्या उजेडातला निळा भाग वाटेतच विखुरतो, म्हणून मावळतीचे ढग तांबूस दिसतात. मंगळासारख्या ग्रहावर हा हिशोब उलटा होतो. तिथल्या बारीक धुळीमुळे मावळत्या सूर्याभोवती निळसर छटा असते.

समुद्रावरची सूर्याची चमक बहुतेकांकडून चुकीच्या जागी पडते. ती सर्वांत उजळ कडेवर नसते, प्रकाशाची दिशा आणि आपली दिशा यांच्या बरोबर मध्ये असते. बाजूने प्रकाश असेल तर ४५ अंशांवर, म्हणजे केंद्रापासून ९०० पिक्सेल. लाटांमुळे ती पसरते, म्हणून २५०-३०० पिक्सेलचा मऊ, किंचित पिवळट डाग, २०-२५ टक्के ओपॅसिटी, आणि पाण्याच्या मास्कमध्येच. ढगांच्या लेअरच्या खाली.

हवा नसलेला गोल करायचा असेल, चंद्रासारखा, तर वातावरण आणि तांबूस पट्टा काढून टाका, सीमा धारदार ठेवा आणि विवरांच्या सावल्या पूर्ण काळ्या करा. एक गोष्ट लक्षात असू द्या: पौर्णिमेचा चंद्र कडेकडे अंधारत नाही, ताटलीसारखा सपाट दिसतो, कारण त्याची धुळकट माती आलेल्या दिशेनेच जास्त उजेड परतवते. समोरून प्रकाश असलेल्या अशा गोलाला कडेची छाया देऊ नका.

वायूच्या ग्रहासाठी आडवे पट्टे लागतात, आणि तिथे स्फेराइझ घात करतं. विषुववृत्तासमोरून बघताना अक्षांशाच्या रेषा सरळच दिसतात. स्फेराइझ त्यांना वर-खाली पिंपासारखं फुगवतं. मोडमध्ये फक्त आडवं निवडा, म्हणजे रेषा सरळ राहतात, आणि ध्रुवाकडचे पट्टे आधीच अरुंद काढा. ग्रह कललेला हवा असेल तर सगळे पट्टे एकाच बाजूला वाकलेले हवेत. शिवाय आकार लंबवर्तुळाकार करा: गुरूचा ध्रुवीय व्यास विषुववृत्तीय व्यासापेक्षा सुमारे साडेसहा टक्के कमी आहे, शनीचा जवळपास दहा. पृथ्वीचा फरक आपल्या मापाने आठ-नऊ पिक्सेलच, तो सोडून दिला तरी चालतो.

रात्रीच्या बाजूला शहरांचे दिवे टाकायचे तर किनाऱ्यांना आणि नद्यांना धरून, बारीक, नारिंगी, आणि छायेच्या उलट मास्कमध्ये. मोकळ्या जमिनीवर सारखे शिंपडू नका.

ताऱ्यांबद्दल माझं मत ठाम आहे: शक्यतो नकोत. अपोलो १७ च्या अंतराळवीरांनी ७ डिसेंबर १९७२ रोजी काढलेल्या पूर्ण पृथ्वीच्या प्रसिद्ध छायाचित्रात मागे एकही तारा नाही, कारण उन्हातल्या ग्रहासाठी ठेवलेल्या एक्स्पोजरमध्ये तारे उमटतच नाहीत. चित्रासाठी हवेच असतील तर खूपसे अंधुक, मोजकेच ठळक ठेवा. लेअर ग्रहाच्या खालीच हवा. स्क्रीन मोडमध्ये वर ठेवलेल्या ताऱ्यांचे ठिपके ग्रहाच्या अंधाऱ्या भागावर चमकतात आणि ग्रहाला भोकं पडल्यासारखं होतं.

शेवटी कड तपासा. २०० टक्के मोठं करून बघा. ग्रहाची कड एका पिक्सेलने मऊ हवी. कापल्यासारखी धारदारही नको आणि चार पिक्सेल पुसटही नको. टेक्स्चरच्या कडेला जुन्या पार्श्वभूमीची काळी-पांढरी रेघ राहिली असेल तर सिलेक्शन दोन पिक्सेलने आत घेऊन बाहेरचं काढून टाका. सगळे लेअर पक्के झाले की १६ बिटमध्येच अर्धा ते एक टक्का एकरंगी नॉइज घाला आणि त्यानंतरच ८ बिट एसआरजीबीमध्ये (पडद्यासाठीच्या नेहमीच्या रंगपद्धतीत) रूपांतर करा. क्रम उलटा केला तर अंधाऱ्या बाजूला पायऱ्या आधीच उमटलेल्या असतात आणि नॉइज त्यांना पूर्ण झाकू शकत नाही.